बांधावरच्या घायपाताचं माहेर: टूसॉनच्या वाळवंटी प्राणी-वनस्पती संग्रहालयात एक दिवस

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगास ठरलेलंच असतं. आम्ही अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो, त्यामुळे पाहुण्यांना फिरवायचं काम वर्षातून दोनदा तरी येतं. एवढ्या अनुभवावरून सांगते, दगड-दऱ्या आणि दिवे पाहून झाले की एक पूर्ण दिवस टूसॉनच्या अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियमसाठी राखून ठेवा. (उच्चार टूसॉनच. स्पेलिंगमधला ‘सी’ शोभेचा आहे.)

नावात म्युझियम असलं तरी काचेच्या कपाटातल्या वस्तू इथे फारशा नाहीत. प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान, मत्स्यालय आणि भूगर्भशास्त्राचं दालन, असं सगळं एकाच आवारात आहे. विल्यम कार आणि आर्थर पॅक या दोघांनी १९५२ साली हे सुरू केलं. जागा सुमारे ९८ एकर; त्यातली २१ एकर फिरायला खुली आणि त्यात जवळपास ३ किलोमीटरच्या पायवाटा. बहुतेक सगळं उघड्यावर, आकाशाखाली. म्हणून इथला दिवस नकाशावर आखू नका, उन्हावर आखा.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्च सर्वांत सुखाचा काळ. दुपारीही चालता येतं, शिकारी पक्ष्यांचे मोकळे उड्डाण-खेळ याच मोसमात असतात. फक्त सकाळी थंडी असते, वयस्कर माणसांना स्वेटर हवाच. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढू लागतं, पण निवडुंग फुलतात. मला स्वतःला हाच काळ आवडतो.

जून ते ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी म्हणून आई-बाबा नेमके तेव्हाच येतात. या दिवसांत टूसॉनचा पारा ४० अंशांपर्यंत सहज जातो. विदर्भातून आलेले पाहुणे यावर हमखास म्हणतात, “हे काय ऊन! आमच्याकडे ४६ असतं.” खरं आहे, पण नागपूरला ४६ अंशांत भर दुपारी कोणी ३ किलोमीटर चालायला निघत नाही, हे त्यांना प्रेमाने आठवून द्या. उन्हाळ्यात दार उघडताक्षणी आत शिरायचं आणि अकराला बाहेर पडायचं, एवढंच जमेल. काही उन्हाळ्यांत शनिवारी रात्रीही संग्रहालय उघडं ठेवतात. तसं असेल तर तो सर्वांत शहाणा पर्याय, कारण वाळवंटातले निम्मे प्राणी रात्रीच जागे असतात. वेळा आणि तिकिटांचे दर मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहूनच निघा.

आणखी एक बारकावा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, अ‍ॅरिझोनात करत नाहीत. कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांची वेळ हिवाळ्यात एक तास पुढे जाते, उन्हाळ्यात सारखीच राहते. दहाचा पक्ष्यांचा खेळ अकराला पोहोचून हुकवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

आदल्या रात्रीची तयारी

पाणी माणशी किमान दोन लिटर. आत बाटल्या भरून घेता येतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. इथली हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळतच नाही, अंगावरच वाळतो. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. सोबत लिंबू-मीठ-साखर घातलेल्या पाण्याची एक बाटली आणि चिवड्याचा डबा ठेवा. रुंद काठाची टोपी, गॉगल, सनस्क्रीन. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर आईला टोपी चमत्कारिक वाटत असेल तर छत्री द्या, इथे पुष्कळ लोक छत्री घेऊन फिरतात.

पायात बंद बूट. चपला नकोत, कोल्हापुरी तर अजिबात नको. आणि खिशात एक प्लास्टिकचा मोठ्या दातांचा कंगवा ठेवा. हसू नका. चोया नावाचा निवडुंग असतो, त्यातल्या एका जातीला ‘टेडी बेअर’ म्हणतात, इतका तो लांबून मऊ-केसाळ दिसतो. त्याचे पेरएवढे तुकडे झाडाखाली पडलेले असतात आणि नुसते घासून गेलात तरी चिकटतात; उडी मारून बसला असंच वाटतं. माझ्या सासऱ्यांच्या चपलेला असा तुकडा लागला, त्यांनी तो हाताने उपटला आणि मग तो हाताला बसला. काटे टोकाशी आकड्यासारखे असतात, ओढाल तितके रुततात. कंगव्याचे दात काटे आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायचे आणि झटक्यात दूर उडवायचा. उरलेल्या कुसांसाठी चिमटा.

कुत्रा घरी ठेवा, आत नेता येत नाही. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी आत व्हीलचेअर मिळतात. संकोच करू नका, मुख्य वाटा त्यासाठी ठीक आहेत.

पोहोचणं

फिनिक्सहून टूसॉन सुमारे १८० किलोमीटर, महामार्गाने दोन तासांच्या आत. संग्रहालय शहरात नाही. पश्चिमेला टूसॉन माउंटन पार्कच्या डोंगरांपलीकडे किनी रोडवर आहे, शहराच्या मध्यापासून अर्धा तास धरा. शहरातून आलात तर वाटेत गेट्स पास नावाची खिंड लागते. रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, मोठ्या गाड्यांना तिथे मनाई आहे. वरंध घाटातून गाडी काढलेल्याला तो किरकोळ वाटेल. खिंड उतरताना समोर हजारो सग्वारो, म्हणजे हात फुटलेले उंच खांबासारखे निवडुंग, उभे दिसतात. गाडीतले सगळे एकदम गप्प होतात ती ही जागा, पण तिथेच थांबू नका. संध्याकाळी परत यायचंच आहे.

आत शिरल्यावरचा पहिला तास: प्राण्यांचा

दारातच नकाशा घ्या आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमांच्या वेळा विचारा. मग सरळ सर्वांत लांबच्या आणि कमी सावलीच्या वाटेवर चालू पडा. तिचं नाव डेझर्ट लूप, लांबी सुमारे ८०० मीटर. सगळे पर्यटक दाराजवळच्या दालनांत रेंगाळतात आणि ही वाट भर बाराला गाठतात, तेव्हा प्राणी झुडपात झोपलेले असतात. तुम्ही उलटं करा.

इथे कोल्हेवजा कायोटी आणि जॅवेलीना दिसतात. जॅवेलीनाला पाहून सगळे “रानडुक्कर!” म्हणतात, पण डुकराच्या कुळाशी त्याचं फक्त लांबचं नातं आहे, त्याचं कुटुंब वेगळं. काट्यांसकट निवडुंग चावून खातो हे पाहण्यासारखं आहे. कुंपण इतकं बारीक जाळीचं असतं की पटकन दिसतच नाही. प्राणी त्याच्या स्वतःच्या मुलखात दिसावा, अशा रचनेसाठी आणि खरे वाटणारे कृत्रिम खडक घडवण्यासाठी हे संग्रहालय ओळखलं जातं.

लूप झाला की पहाडी जंगलाचा विभाग: प्यूमा, काळं अस्वल आणि मेक्सिकन लांडगा. लांडग्यापाशी जरा थांबा. ही जात रानातून जवळजवळ संपली होती. १९७७ ते १९८० या काळात मेक्सिकोत मोजकेच लांडगे पकडले गेले आणि बंदिवासात वाढवलेल्या त्यांच्या वंशातून १९९८ मध्ये अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या रानात पुन्हा सोडले. त्या वंशवाढीच्या कामात या संग्रहालयाचाही हात आहे. लांडगा दिसला नाही तर दहा मिनिटं शांत उभे राहा, सकाळी तो फेऱ्या घालतो.

शिकारी पक्ष्यांचा खेळ हिवाळी मोसमात साधारणपणे सकाळी एक आणि दुपारी एक असतो. शक्य झाल्यास हॅरिस हॉकचा पाहा. बहुतेक शिकारी पक्षी एकांडे असतात, हे मात्र कुटुंबाने मिळून शिकार करतात, आणि सग्वारोच्या टोकावर बसायला जागा कमी पडली की एकमेकांच्या पाठीवरही उभे राहतात. ना दोरी ना पिंजरा. डोक्यावरून हातभर अंतराने पंखांचा वारा लागतो. म्हणून मुलांना खांद्यावर घेऊ नका, हात किंवा मोबाइल उंच करू नका. वीस मिनिटं आधी जाऊन पुढे उभे राहा. फार वारा किंवा पाऊस असला तर खेळ रद्द होतो, तेव्हा हिरमोड करून घेऊ नका.

दुसरा टप्पा: झाडांचा, आणि इथे घाई नको

ऊन तापू लागलं की प्राणी सावली गाठतात, झाडं जागेवरच असतात. हे वाचून पुष्कळ जण झाडांचा भाग घाईने उरकतील याची मला खात्री आहे. कृपा करून उरकू नका. मराठी माणसाला या जागेत सर्वांत जवळचं काही असेल तर ते हेच.

माझे सासरे माण तालुक्यातले शेतकरी. अगेव्हच्या बागेपाशी आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, हे तर आपलं घायपात! बांधावरचं. ह्याचेच दोर वळायचो.” बरोबरच होतं. कोणी घायपात म्हणा, कोणी केकताड. हे कूळ मूळचं अमेरिका खंडातलं. त्यांच्यासाठी ते कायम गावचंच झाड होतं, आणि इथे त्यांना त्याचं माहेर सापडलं. माहेरी मात्र त्याचे थाट वेगळे. वर्षानुवर्षं साखर साठवून ते एकदाच, आयुष्याच्या शेवटी, उंच दांडा काढून फुलतं आणि मरतं. रात्री वटवाघळं येऊन त्या फुलांचा मध पितात आणि परागीभवन करतात. टकीला नावाचं मद्य याच कुळातल्या निळ्या अगेव्हपासून होतं, हे कळल्यावर सासऱ्यांनी पुन्हा एकदा त्याच्याकडे आदराने पाहिलं.

पुढे शोधा फड्या निवडुंग. आपल्या माळावर मेंढरांच्या वाटेला असतो तोच, लाल बोंडांचा. त्याची ‘पानं’ म्हणजे खरं तर खोड आहे, पानांचे काटे झाले आहेत. फड्यांवर कुठे पांढरा कापसासारखा डाग दिसला तर तो कोचिनील किड्याचा. हा किडा चिरडला की गडद किरमिजी रंग निघतो. १८ व्या शतकाच्या अखेरीस याच रंगाच्या लोभाने हे किडे भारतात आणले गेले. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण किड्यांनी माजलेल्या निवडुंगाचा फडशा पाडला.

तिसरी ओळखीची म्हणजे मेस्कीट. पाहताक्षणी वेडी बाभूळ आठवेल, कारण ती याच्याच कुळातली, अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेली. आपण तिला सरपण आणि शिव्या देतो. इथले मूळ रहिवासी हिच्या गोड शेंगा दळून पीठ करत आले आहेत.

आता एक खेळ मुलांसोबत करण्यासारखा. आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग खरा निवडुंग नव्हे, तो शेराच्या कुळातला. मोडला की पांढरा चीक येतो. खऱ्या निवडुंगाच्या अंगावर ठरावीक अंतराने उशीसारखे छोटे ठिपके असतात आणि काट्यांचा झुबका त्यातूनच निघतो. मुलांना भिंग द्या आणि ते ठिपके शोधायला लावा. अर्धा तास निघतो, बोट टोचतं ते वेगळं.

आणि मग सग्वारो, ज्याच्यासाठी सगळे आलेले असतात. फोटो काढण्याआधी त्याचा हिशेब ऐका. पहिल्या आठ वर्षांत हा जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. पहिलं फूल सुमारे पस्तिशीत, पहिला ‘हात’ ५० ते ७५ व्या वर्षी, आणि आयुष्य दीडशेच्या पुढे. म्हणजे ज्याला चार हात फुटले आहेत तो तुमच्या पणजोबांच्या वयाचा असू शकतो. लहानपणी त्याला ऊन आणि थंडी सोसत नाही, म्हणून तो पॅलो व्हर्डे किंवा मेस्कीटच्या आडोशाला वाढतो. नीट पाहाल तर बऱ्याच मोठ्या सग्वारोंच्या पायाशी एक जुनं झाड, कधी त्याचं वाळकं खोड, सापडेल. पॅलो व्हर्डेची सालही हिरवी असते. पाणी वाचवायला पानं गाळली तरी सालीतून अन्न तयार होत राहतं.

सग्वारोच्या अंगावर भोकं दिसतील. सुतार पक्षी ती कोरतो, झाड जखमेभोवती कठीण आवरण धरतं, आणि पुढच्या मोसमात तिथे चिमणीएवढं एल्फ घुबड भाडं न देता राहतं. मे-जूनमध्ये पांढरी फुलं रात्री उमलतात आणि दुसऱ्या दुपारी मिटतात. जूनअखेर फळं पिकतात. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक वाळक्या सग्वारोच्या फासळ्यांची लांब काठी करून ती उतरवतात, त्यांचं नवं वर्ष या तोडणीने सुरू होतं आणि पाठोपाठ पावसाची वाट पाहिली जाते. इथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात. आपल्याकडे मृगाकडे डोळे लागतात तसे त्यांचे त्याच दिवसांत दक्षिणेकडे लागतात. इथल्या या सोनोराच्या वाळवंटाला हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा असा दोनदा पाऊस मिळतो, म्हणूनच ते इतकं हिरवं आहे. तरी टूसॉनचा वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर, पुण्याच्या निम्म्याहूनही कमी.

सावलीत क्रिओसोटचं झुडूप सापडलं तर पानं ओंजळीत धरून त्यांवर गरम श्वास सोडा आणि वास घ्या. पहिल्या पावसानंतरचा इथल्या मातीचा वास हाच.

साडेअकरा-बारानंतर: आत, सावलीत

आता राखून ठेवलेली दालनं काढा. सर्पालयात गिला मॉन्स्टर पाहा, काळी-नारिंगी मण्यांची शाल पांघरल्यासारखी विषारी पाल. घरात कोणाला मधुमेह असेल तर ही गोष्ट जरूर सांगा: हिच्या विषातल्या एका घटकावरून एक्झेनाटाइड हे औषध तयार झालं, त्याला २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आजोबांना शुगरच्या गोळ्यांपेक्षा ही कहाणी जास्त काळ लक्षात राहते.

जमिनीखालच्या जीवनाचं दालन मुलांना आवडतं. तिथल्या कांगारू उंदराला आयुष्यभर पाणी प्यावं लागत नाही, बी पचवतानाच शरीरात तयार होतं तेवढं त्याला पुरतं. मानवनिर्मित चुनखडकाची गुहा थंडगार आहे. तिची चिंचोळी बाजूची वाट गुडघेदुखी असलेल्यांनी टाळावी. मत्स्यालय २०१३ साली सुरू झालं. वाळवंटात मासे कशाला, असं वाटेल, पण सोनोराच्या वाळवंटाला कॅलिफोर्नियाच्या आखाताचा किनारा आहे. वेळ कमी असेल तर मी हे वगळते.

हमिंगबर्डचं पक्षीगृह मात्र वगळू नका. हा पक्षी भारतात नाही, फक्त अमेरिका खंडात आहे. आपला शिंजीर फुलाच्या देठाला धरून मध पितो. हा हवेत एका जागी तरंगतो, मागेही उडतो. दारं दोन असतात, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडू नका. आत गेल्यावर बाकावर बसा आणि हलू नका. लाल किंवा केशरी ओढणी असेल तर तपासायला एखादा कानाशी भुणभुणत येतो.

ठिकठिकाणी टेबल मांडून बसलेले स्वयंसेवक दिसतील, बरेचसे निवृत्त. त्यांच्याकडे कवट्या, पिसं, कधी जिवंत साप असतो. माहिती फलकांपेक्षा यांना प्रश्न विचारा. इंग्रजीचा संकोच असलेल्या आईलाही ते हातात घुबडाचं पीस देऊन बोलतं करतात.

जेवणाचं म्हणाल तर आत उपाहारगृहं आहेत, शाकाहाऱ्यांना घेवड्याचा बरीटो वगैरे सापडतं. “नो मीट” एवढं म्हणून थांबू नका, चिकनचा रस्साही नको हे वेगळं सांगा. आमच्याकडे मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. ती आम्ही बाहेर पडल्यावर टूसॉन माउंटन पार्कमधल्या पिकनिकच्या जागी, छपराखालच्या बाकांवर बसून खातो. उरलेलं अन्न प्राण्यांना घालू नका आणि दगडाखाली हात घालू नका. उन्हाळ्यात रॅटलस्नेक संग्रहालयाबाहेरही असतात, कुंपणाशिवाय.

दुपारनंतर

हिवाळा असेल आणि पायांत बळ असेल तर तीनच्या सुमारास जवळच्याच सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम भागात जा. अभ्यागत केंद्र काही मिनिटांवर आहे, प्रवेशशुल्क वेगळं. तिथून कच्च्या रस्त्याच्या फेरीवर सिग्नल हिल ही छोटी टेकडी आहे. इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खडकांत कोरलेली चक्रं आणि प्राणी वर दिसतात. वाट अगदी थोडी आहे, पण पायऱ्या आहेत. राजापूर-रत्नागिरीची कातळशिल्पं पाहिलेली माणसं इथे जास्त वेळ रेंगाळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमू लागले तर हा बेत सोडून द्या. कोरडे ओढे पाहता पाहता भरतात आणि रस्त्यावर पाणी येतं. पाणी गुडघाभर दिसलं तरी गाडी घालू नका. पाऊस न पडलेल्या जागीही डोंगरातलं पाणी येतं, हे आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी गेट्स पासला पोहोचा. गाड्या लावायला जागा मर्यादित असते. दगडी आडोशाच्या भिंतीवर बसून पश्चिमेकडे पाहा; सूर्य गेल्यानंतरची दहा मिनिटं खरी रंगांची असतात, तेव्हा लगेच उठू नका. नंतर मात्र पूर्ण काळोख होण्याआधी घाट उतरा. या रस्त्यावर दिवे नाहीत आणि जॅवेलीना नेमक्या याच वेळी रस्ता ओलांडतात. एक दिसली की गाडी पूर्ण थांबवा. मागून आणखी चार-पाच आणि शेवटी पिल्लं येतात.